मामाचा पांढरा कोंबडा

मनरोव्हिया

आई, तुझ्या शेजारी बसून बोलतेय असंच समज.

मी बरी आहे, पोटभर भात खाते. लढाईनंतर परदेशी मदत आली, तेव्हापासून खजिन्यातल्या प्रत्येक बिलावर माझ्यासोबत गोऱ्या साहेबाचीही सही लागायची. आता तो मायदेशी गेला. सही माझी एकटीची!

लगेच फोर्कपामामा पांढरा कोंबडा घेऊन हजर. सोबत न बांधलेल्या पुलाचं बिल! म्हणाला, "पोरी, गोरा गेला, आता घरचंच राज्य."

कोंबडा नाकारला तर थोरल्याचा अपमान. म्हणून शिजवून सगळ्या कचेरीला वाढला. मामानेही बोटं चाटली. मग बिल सही न करता परत केलं.

तुझा गुडघा कसा आहे? मामा तणतणत तिकडेच येतोय. आपलं छप्पर त्यानेच घातलं, विसरले नाही. त्याला मानाची कोलाची बी दे, जेवू घाल. पण माझ्या वतीने माफी मागू नकोस.

तुझीच हट्टी,
कोर्तो