गिझरवाला खाली राहायला आलाय

प्रिय उंटा,

वाहिनीच्या जुन्या चित्रफिती सांभाळणारा साहेब झाल्यापासून तुला या नावाने हाक मारणारी मी एकटीच उरले असेन. पण खांद्यावर कॅमेरा घेऊन, मान वाकवून माझ्यामागे जिने चढणारा माणूस माझ्या लेखी उंटच राहणार.

गिऱ्हाइकांना फसवणाऱ्यांना पकडायचा आपला कार्यक्रम संपला, मी निवृत्त झाले, तरी माझा पाय घरात ठरत नाही. दुकानात गेले की अजून डबा उलटा करून आधी तारीख वाचते. धाकटी बहीण म्हणते, तुझ्याबरोबर साधा साबण घ्यायला गेलं तरी चौकशी आयोग बसतो. फोन वाजला की वाटतं, कुणीतरी फसलंय आणि मला शोधतंय. असतो दातांच्या दवाखान्याचा.

पण सध्या झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने. आमच्या तळमजल्यावर गिझरवाला राहायला आलाय. आठवतो ना? जुन्या गिझरना रंग मारून नवे म्हणून विकायचा, आतला व्हॉल्व्ह तसाच गंजका. तसला एक गिझर फुटून त्या नर्सबाईंची पाठ भाजली, आपण त्याच्या घराच्या दारात जाऊन उभे राहिलो, मी प्रश्नांचा भडिमार केला आणि तो तोंड झाकून मागच्या दाराने पळाला. दुकान गेलं, तुरुंगवास झाला. मला मात्र लोक आजही त्याच कार्यक्रमावरून ओळखतात.

आता केस पिकलेत, चाल मंदावलीय. जिन्यात समोरासमोर आलो तेव्हा दोघांनीही ओळखलं आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. तो नळदुरुस्तीची किरकोळ कामं करतो. शेजारणीचं तुंबलेलं सिंक त्यानेच दुरुस्त केलं. मी मुद्दाम तिच्याकडे चहाला गेले आणि ती आत वळताच सिंकखाली डोकावले. काम चोख होतं. हायसं वाटायला हवं होतं, पण उलट चिडचिडच झाली.

मग इमारतीचे सगळे पाइप बदलायचं ठरलं आणि लोक म्हणाले, काम ह्यालाच देऊ. बैठकीआधी मी घरभर येरझारा घातल्या. सांगावं, तर शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पुन्हा चव्हाट्यावर आणायचं. गप्प बसावं, तर उद्या कुणाला काही झालं की मी कुठल्या तोंडाने जिना उतरायचा? शेवटी बैठकीत उठले आणि सांगून टाकलं. कॅमेरा नसल्यामुळे की काय, माझा आवाज मलाच बारीक वाटला. मागच्या खुर्चीवरून तो उठला, "बाई सांगतात ते खरं आहे," एवढंच म्हणाला आणि पुन्हा बसला. काम दुसऱ्याला गेलं.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने माझी बेल वाजवली. भांडायला आला असेल म्हणून मी दाराची साखळी काढलीच नाही. पण कामाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. त्याची मुलगी आता शाळेत शिकवते. आडनावावरून पोरांनी आपला तो कार्यक्रम वाहिनीच्या साइटवर शोधून काढलाय, आणि ती फळ्याकडून वळली की अख्खा वर्ग तिच्याकडे बघून मान हलवतो, असं तो सांगत होता. मला काही उमजेना. तेव्हा खालमानेने म्हणाला, "मला काढू नका. मी केलंय, ते राहू दे. फक्त तिला काढा."

तो गेल्यावर मी कार्यक्रम लावला. किती वेळा पाहिलाय, पण नजर कायम पळणाऱ्या बापावर. तो पळतो, तुझा कॅमेरा उघड्या दारातून आत शिरतो, आणि तिथे एकाच पायात मोजा घातलेली एक चिमुरडी उभी आहे. मी बाहेरून ओरडतेय, किती जणांना भाजलंत? बाप तर निघून गेलेला. मग तीच कॅमेऱ्याकडे बघून, माहीत नाही, अशी मान हलवते.

तर हे पत्र त्यासाठी. माझं एकही वाक्य गाळू नकोस, त्याचं पळणंही राहू दे. तेवढी ती पोर काढ. नियम दाखवायचे असतील तर मी येऊन तुझ्या टेबलासमोर ठाण मांडेन, माझा हट्ट तुला माहीत आहे. साखळी लावलेल्या दाराआडून मी त्याला फक्त 'बघते' म्हणाले. रोज जिन्यात भेटतो, पण विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं रे.

तुझीच,
बाई