रुखवताचा गोपनीय अहवाल

बोरिवली,
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मधुकाकांना गार्गीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवरचं बोलणं ‘रेकॉर्डवर नाही’ म्हणून तुम्ही धरत नाही, तेव्हा हे पत्र. बोरिवलीहून मुलुंडला पत्र पाठवतेय म्हटल्यावर पोस्टातल्या बाईंनी माझ्याकडे दोनदा निरखून पाहिलं.

माझं रुखवताचं काम आता एकटीचं राहिलेलं नाही. नोकरी सोडल्यावर मी कामधंद्याच्या ओळखी करून देणारी ती साइट धरली आणि दोन महिन्यांत माणसं मिळाली. अंधेरीचा निहार उखाणे आणि नावं सुरेख अक्षरात रंगवतो, घाटकोपरची दीप्ती मातीची एवढीएवढीशी भातुकली आणि फराळाची ताटं करते. काल रविवारी पहिलं रुखवत मांडलं तेव्हा तुम्ही दोघांना भेटलातच. आता एक मोठं काम समोर आहे. लग्नसोहळे आखून देणाऱ्या मृणालिनीबाई जानेवारीपासूनची बारा रुखवतं एकाच गटाला देणार आहेत, आणि त्याआधी त्या साइटवर सगळ्यांबद्दल वाचतात. हे मिळालं तर माझा धंदा उभा राहील. नाही तर जुन्या ऑफिसने १ डिसेंबरपर्यंत ठेवलेली जागा घ्यायची. मला तिथे परत जायचं नाहीये, काका.

म्हणून एक काम करा. त्या साइटवर तुमचं पान मी काल उघडून दिलंय. त्यावर निहार आणि दीप्तीबद्दल चार शब्द लिहा. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत माणसं पारखलीत, तुमच्या शब्दाला वजन आहे.

काकूला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
गार्गी

मुलुंड,
८ नोव्हेंबर २०२५

चि. गार्गीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, तारीख घालून फाइलला लावलं. काम केलं आहे. चार शब्दांत माणूस मावत नाही, म्हणून आमच्या कचेरीतला गोपनीय अहवालाचा नमुना घेतला आणि रकानावार लिहिलं. काळजी नसावी. पान माझ्या नावाचं आहे, म्हणजे फाइल माझ्या ताब्यात. वरिष्ठांखेरीज कोणी पाहणार नाही.

तुझ्या माहितीसाठी मजकूर देतो. निहार: अक्षर अत्युत्कृष्ट. वेळेच्या बाबतीत सुधारणेस पुष्कळ वाव. रविवारी एक तास चाळीस मिनिटं उशिरा आला. रिक्षा मिळाली नाही म्हणाला, परंतु गालावर उशीची खूण होती. दीप्ती: हात कसबी. टीका सोसत नाही. मातीच्या ताटातले लाडू बाकी फराळाच्या मानाने फार मोठे आहेत एवढंच मी सुचवलं, तर जेवताना माझ्याशी बोलली नाही. एकंदर शेरा दोघांनाही ‘निश्चित चांगला’ दिला आहे. माझ्याकडून हा शेरा मिळवायला लोकांना दहा-दहा वर्षं लागली.

काकू विचारते, चिवड्याचा डबा परत येणार आहे का? आशीर्वाद आहेतच, ते परत द्यावे लागत नाहीत.

तुझा,
मधुकाका

बोरिवली,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. काकांना नमस्कार, वि. वि.

वाट लागली, काका! ते पान गोपनीय नाही हो, ते जगाला दिसतं. साडेतीन हजार लोकांनी वाचलं. उशीच्या खुणेवर कोणीतरी चित्र काढलं. निहारच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याला गजराचं घड्याळ भेट पाठवलंय, आणि दीप्तीला अनोळखी लोक लाडवांचे फोटो पाठवून हा आकार चालेल का म्हणून विचारतायत. दोघांनीही काम सोडलं. निहारने एक शब्द न बोलता, दीप्तीने दोन पानं लिहून. मृणालिनीबाईंनी २० तारखेला भेटायला बोलावलंय. कशाला, ते मला कळतंय.

फोन केला तर काकू म्हणाली की तुम्ही लेखी तक्रारीशिवाय दखल घेणार नाही. ही घ्या लेखी तक्रार. तो मजकूर काढून टाका. मला रडू येतंय आणि तुमचा भयंकर राग आलाय. तुम्ही कोणाचं मन मोडायला लिहिलं नाहीत हेही माहीत आहे, त्यामुळे नीट रागावताही येत नाही.

लोभ अजून शिल्लक आहे, फार ताणू नका.

गार्गी

मुलुंड,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. गार्गीस आशीर्वाद.

तक्रार मिळाली. मजकूर सर्वांना दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे. मात्र अहवाल फाडून टाकायची रीत नाही. संबंधितांचं म्हणणं ऐकून दुरुस्ती करायची असते. म्हणून मी दोघांच्या घरी जाऊन आलो.

दीप्तीने चहा दिला, साखर घातली नाही. मग तिने आजीच्या लग्नातल्या रुखवताचा फोटो दाखवला. तिच्या मालवणच्या घरात रुखवतातला लाडू मुद्दाम दांडगा वळतात आणि नवरदेवाला एका हाताने उचलून दाखवायला लावतात. लाडवाबाबतचा शेरा मी मागे घेतला आणि तसं पानावर लिहिलं. दुसरा चहा गोड होता.

निहारचं प्रकरण निराळं निघालं. तो त्या रविवारी उशिरा आला कारण आधीचे दोन दिवस झोपलाच नव्हता आणि सकाळी काम संपल्यावर त्याचा डोळा लागला. एकवीस उखाणे त्याने तीन वेळा पुन्हा रंगवले, कारण तू शब्द तीन वेळा बदललेस. शनिवारी संध्याकाळी तू ‘चांदीच्या ताटात’ काढून ‘चांदीच्या वाटीत’ घातलंस. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, मी खोदून विचारलं.

सबब तुझाही अहवाल लिहिला आहे. कल्पक, कष्टाळू, माणसं जोडणारी. मात्र स्वतः ठरवलेलं शेवटच्या तासाला बदलते आणि त्याचा भार बरोबरच्यांवर पडतो, हे तिच्या लक्षात येत नाही. तो पानावर टाकला आहे. या वेळी सगळे वाचतील हे जाणून टाकला आहे.

राग आला तरी आशीर्वाद घ्यावेत.

मधुकाका

बोरिवली,
२२ नोव्हेंबर २०२५

ती. काकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

माझा अहवाल वाचून दोन दिवस मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. मग निहारला फोन करून माफी मागितली. ताटाचे आणि वाटीचे सगळे कागद त्याने पुरावा म्हणून जपून ठेवलेत.

मृणालिनीबाईंच्या टेबलावर तुमचे तिन्ही अहवाल छापून ठेवलेले होते. मला वाटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या की साइटवर जो तो स्वतःला झकासच म्हणवतो, कोणाचं काय सांभाळून घ्यायचं हे कोणी सांगत नाही, ते त्यांना पहिल्यांदाच आयतं मिळालं. बाराही रुखवतं देते म्हणाल्या. उखाण्यांचा मजकूर लग्नाच्या पंधरा दिवस आधी ठरवायचा, मग मी त्याला हात लावायचा नाही. आणि माणसं हीच हवीत, तिघंही.

इथेच गाडं अडलंय. निहार आणि दीप्ती यायला तयार आहेत, पण आम्हा तिघांचे गुणदोष जगाने वाचले, तर लिहिणाऱ्याचे का नकोत, असं ते विचारतायत. तुम्ही त्याच पानावर, त्याच रकान्यांत स्वतःचा अहवाल लिहिलात, तरच ते येतील. मी खूप समजावलं त्यांना. खरं सांगू? मनातून मला त्यांचं पटलं.

सोमवारी, १ तारखेला ऑफिसला उत्तर द्यायचंय. जबरदस्ती नाही. मोठ्या माणसाकडे असं मागणं जड जातंय, तरी मागते.

रागावलात तरी माझ्यावरची माया काढून घेऊ नका.

तुमची,
गार्गी

मुलुंड,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. गार्गीस अनेक आशीर्वाद.

अहवाल आज सकाळी पानावर टाकला. इतरांचे मी अर्ध्या तासात लिहीत असे, या एकाला दोन दिवस लागले. नक्कल देतो.

नाव: मधुकर. वेळ पाळणे: अत्युत्कृष्ट. घरातील वागणूक: साधारण. (हा रकाना पत्नीने भरला. रोज आमटीवर शेरा मारतो, अशी तिची तक्रार आहे. चौकशीअंती खरी आढळली.) चूक कबूल करणे: सुरुवात केली आहे. विशेष शेरा: कचेरीत याला विचारल्याखेरीज कोणाची बढती होत नसे. निवृत्तीनंतर सात वर्षांत याचं मत कोणी मागितलं नाही. पुतणीने चार शब्द मागितले तेव्हा याला इतका आनंद झाला की ते शब्द कोणाला लागतील, हे मनातच आलं नाही. त्याबद्दल दोघांची माफी मागतो.

टाकल्यावर दहा मिनिटांत निहारचा फोन आला. मी काकूला उचलायला लावला. सोमवारी अकरा वाजता तो आणि दीप्ती दोघंही तुझ्याकडे येत आहेत. मीही यावं असं त्यांचं म्हणणं आहे, कारण मजकूर एकदा ठरला की तुला त्याला हात लावू न देणारं कोणीतरी हवं. तेव्हा ऑफिसला खुशाल नाही म्हणून कळव. मी साडेदहालाच पोचेन. शर्ट इस्त्रीला दिला आहे.

लोभ असू दे, आणि अधूनमधून मला मत विचारत जा. नाही ऐकलंस तरी चालेल.

तुझा,
मधुकाका