दारासमोरचं कातडं

रोहणा, गुरुवार

वासुदेव बेटा,

तू नागपुराहून फोनवर सांगतलं, "माय, रविवारी रक्षाले पाहाले पाहुणे आपल्या गावच्या घरी येणार हायेत. त्याच्या आंधी ते कातडं उतरवजो. मी त्याईले आपली शेती हाय म्हणून सांगतलं." मी हो म्हटलं.

काल उतरवलं. म्हशीचं कातडं, चुन्यात भिजवून, केस खरडून, थैलीसारखं शिवून दारासमोर टांगलं होतं, आत कातडं कमावाले बाभळीच्या सालीचं लाल पाणी. पाणी सांडलं, टाके उसवले आन् कडा कापून पाह्यली. मधात पांढरी रेघ! म्हणजे अजून कच्चं. आणखी आठ दिवस पाणी मुरलं नाई तर सडते. मग मले घरात बसवेना. उठू, पाहू, आत येऊ, पुन्हा उठू.

शेवटी परत शिवलं, उलटं टांगलं, पाणी भरलं. रविवारी ते पाहुण्याईच्या डोक्यावर टपकणार, वासासकट. तू सांगतलेली शेती मी कुठून आणू?

हे पत्र मी टाकत नाई. वाचलं तर तू शनिवारीच येशीन आन् कातड्याले चाकू लावशीन.

आणखी एक. शिवताना दुसरी बाजू तुह्या पोरीनं, रक्षानंच धरली. मी हाकललं, तर म्हणते, "आजी, तू गपचूप शिव." तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले. मी साबण देल्ला. तिनं घेतला नाई.

तुही माय,
आनंदाबाई