भाराच्या तळाची शिशी

आण्णा, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता. परभणीच्या दवाखान्यात केलं आणि आता जिंतूरला पोराच्या घरी पडून आहे. सूनबाई वेळेवर थेंब घालते, पण वेळ झाली की नाही याची फिकीर मलाच जास्त. मी घड्याळ बघतो, मग ते घड्याळ बरोबर आहे का म्हणून पोराला विचारतो. तो हसतो. लिहू नका, डोळ्याला ताण पडेल, असं डॉक्टरनं सांगितलंय, तरी एका डोळ्यानं लिहितोय. माझी शाळा तुम्हाला ठाऊकच आहे. निजामाच्या राज्यात उर्दूच्या तिसरीत सुटली, आणि मराठी अक्षरं मी पुढं पोत्यांवरचे छाप वाचत शिकलो. चुकलं तर समजून घ्या.

थेंब डोळ्यात पडला की गार लागतो आणि मला देवगाव फाटा दिसतो. दुसरं काही आठवत नाही.

जर्मनच्या लढाईचे दिवस होते. रेल्वेचे डबे फौजेच्या मालाला लागायचे, किराण्याला मिळायचे नाहीत, म्हणून जालन्याचे व्यापारी आपल्यासारख्या गाडीवानांना बोलावायचे. आपल्या बापलेकाच्या दोन गाड्या. पुढची तुमची, मागची माझी. जालन्याहून मंठा, मग देवगाव फाटा, मग जिंतूर आणि शेवटी परभणी. माल सगळा मिसळीचा असायचा. मिठाची पोती, गुळाच्या ढेपी, सुपारी, साबण, काडेपेट्यांचे पुडे, कापडाचे तागे, चहाच्या पेट्या, कंदिलाच्या काचा. घासलेटचे डबे नेहमी माझ्या गाडीत, शेवटाला. चहाला घासलेटाचा वास लागला तर तो चहा गिऱ्हाईक तुमच्या तोंडावर ओतील, असं तुम्ही म्हणायचात. मीठ आणि गूळ एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत. परभणीचा माल खाली, जिंतूरचा वर. हे सगळं तुम्ही मला एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा चुकलो तेव्हा बोलला नाहीत, सगळा भार उतरवून मला परत भरायला लावला.

तुमचे आणखी दोन कायदे होते. तुमच्या बैठकीखाली एक लाकडी पेटी असायची. वाटेवरच्या गावांतली माणसं जी काही बारकी कामं सांगायची, कुणाच्या सुया, कुणाचा चष्मा, कुणाचा हिंग, ते सगळं त्या पेटीत. त्याचं भाडं तुम्ही घेत नव्हता. आणि आपल्या घरचं काही असलं तर ते भाराच्या अगदी तळाशी, कडब्यात गुंडाळून. फुटण्यासारखं असेल तर मुद्दाम तिथंच. "आपलं ते तळाशी," तुम्ही म्हणायचात, "वरच्या मालाला आपला जामीन." आपली वस्तू शाबूत निघाली म्हणजे लोकांचीही शाबूत पोचली. व्यापाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून ते तुमच्या गाडीची वाट बघायचे. दुसरा कायदा गाठीचा. व्यापाऱ्यासमोर भार आवळून मारलेली गाठ वाटेत सुटायची नाही. ती पहिल्या दुकानासमोर, दुकानदाराच्या डोळ्यादेखत सुटायची. दहा दुकानांचा माल एका दोराखाली असल्यावर दुसरं करणार तरी काय, हे मलाही पटायचं. अजूनही पटतं, म्हणून तर गडबड आहे.

त्या खेपेला निघताना मायचा डोळा लाल झाला होता. शेतात कुसळ गेलं असेल म्हणून तिनं पदरानं पुसलं आणि आपल्याला भाकरी बांधून दिली. जालन्यात तुम्ही स्वतः दवाखान्यात गेलात, डोळ्याचं वर्णन सांगितलं आणि थेंबांची शिशी घेऊन आलात. डॉक्टरनं लवकर घाला म्हणून सांगितलं होतं. तेव्हा भार नुकताच रचायला घेतला होता. तुम्ही शिशी चिंधीत गुंडाळली, चिंधी कडब्यात खोवली आणि वर मिठाचं पोतं नीट टेकवून ठेवलं. मी बघत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या घरची वस्तू तळाशी जाते, तशी ती गेली.

आता आपण फाट्यावर आहोत. ऊन माथ्यावर आलंय, बैल पाण्यावर सोडलेत आणि लिंबाखाली मामा उभे आहेत. मायचे भाऊ आपल्या गावाहून चालत फाट्यापर्यंत आलेत म्हणजे काहीतरी झालं हे मला लांबूनच कळतं. मामांनी सांगितलं, मायचा डोळा सुजून बंद झाला होता. माय भिंतीकडं तोंड करून बसून होती, उजेड सहन होत नव्हता. मामांनी शिशी मागितली. तुम्ही भाराकडं बघितलं आणि शिशी कुठं आहे ते सांगितलं.

मामा गाडीभोवती एक फेरा मारून आले. मग म्हणाले, "दाजी, सोडा की मग गाठ."

"भार लोकांचा हाय. गाठ दुकानासमोर सुटती."

"मी हितंच उभा ऱ्हातो. एक काडी हालली न्हाई म्हणून साक्ष देतो."

"तू माझा मेव्हणा," तुम्ही म्हणालात. "तुझी साक्ष कोण धरील?"

मीही म्हणालो, सोडा. एकदाच म्हणालो. तुम्ही गाठीवर हात ठेवलात. बराच वेळ तो तसाच होता, बोटं दोराच्या पिळात घातलेली. मला वाटलं आता सुटते. तेवढ्यात फाट्याजवळच्या वस्तीवरचा एक माणूस आला आणि त्यानं आपल्या म्हातारीची खोकल्याची दवा मागितली. ती पेटीत होती. तुम्ही पेटी उघडली, दवा काढून त्याच्या हातावर ठेवली आणि कशी घ्यायची तेही सांगितलंत. मामा ते बघत होते. माणूस गेल्यावर ते एवढंच बोलले, "आमची बहीण पेटीत बसली असती तर बरं झालं असतं." तुम्ही बैल जुंपलेत. मी पण जुंपले.

जिंतूरला पोचेपर्यंत तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत. रस्ता तोच, चढ तेच. मला काही वाटत होतं का, ते मी बरेचदा आठवून बघितलं. काही नाही. चाकाला वंगण कमी पडलं होतं, त्याचा आवाज येत होता, तेवढं आठवतं.

दुकानासमोर तुम्ही गाठ सोडलीत आणि वरचा माल उतरायच्या आधीच तळाशी हात घालायला लागलात. असं तुम्ही कधी करत नव्हता, म्हणून दुकानदारानं विचारलं. मी सांगितलं. तो हातातलं काम टाकून आला. "अहो आण्णा," तो म्हणाला, "वाटंत सोडली असती तर मी काय म्हणलो असतो? घरचं माणूस हाय ते. इतकं बी कळत न्हाई व्हय मला?"

तुम्ही पोत्यावर बसलात. पटका काढलात, परत घातलात. दुकानदार हळहळत होता, लय वाईट झालं म्हणत होता, आणि असं म्हणत म्हणत त्याचा हात काडेपेट्यांचे पुडे मोजत होता. शेवटचा पुडा मोजून झाल्यावर त्यानं मान हलवली आणि माल आत घेतला. आण्णा, मी आयुष्यभर त्या दोन गोष्टी समोरासमोर ठेवून बसलोय, त्याचं बोलणं आणि त्याचा हात. कोणती खरी, मला ठरवता आलं नाही. तुम्हाला आलं असेल तर तुम्ही कधी बोलला नाहीत.

शिशी शाबूत होती. चिंधीसुद्धा ओली झाली नव्हती. मी ती कोपरीच्या आत धरून मागं फिरलो, थोडं चालत, थोडं कुणाच्या गाडीत. मायच्या डोळ्यात थेंब घातले. सूज उतरली, पण डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्यानं तिला पुन्हा दिसलं नाही.

तिनं तुम्हाला बोल लावला नाही. फक्त तेव्हापासून तिनं तुम्हाला काही आणायला सांगितलं नाही. शेजारणींचे निरोप ती बरोबर सांगायची, हिला दोरा, तिला सुपारी, आणि तुम्ही "तुला काय?" म्हणालात की चुलीतली राख सारायला लागायची. एकदा तुम्ही कंदिलाची नवी काच आणलीत. पेटीत ठेवून, पटक्यात गुंडाळून आणलीत. घरची वस्तू पेटीतून आलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. मायनं काच हातात घेतली, उजेडाकडं धरली. "आता कशाला?" ती म्हणाली. "एका डोळ्याला चिमणीबी लय झाली." पण तिनं ती लावली. रोज राखेनं पुसायची. पुढं ती काच फुटली तेव्हा तिनं तुकडे गोळा केले आणि उकिरड्यावर टाकले. तुम्ही त्यानंतरही वाटेत गाठ सोडली नाहीत. सुंभ तेच, पीळ तोच.

हे सगळं आज का लिहायला लागलो ते सांगतो. दवाखान्यातून परत यायच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांचा चष्मा परभणीच्या दुकानातून आणायचा होता. तो मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि एसटीत वाटभर त्यावर हात ठेवून बसलो. अर्ध्या रस्त्यात पोरगा म्हणाला, "बाबा, थेंबाची वेळ झाली, शिशी कुठंय?" मी वर बघितलं. शिशी माझ्या पिशवीत, धोतराच्या घडीखाली, अगदी तळाशी होती. पिशवी फळीवर आणि तिच्यावर लोकांच्या पिशव्या, एक पोतं, कुणाची ट्रंक. मी ती तिथं कधी ठेवली हेही मला आठवत नव्हतं. पोरगा उठायला लागला. मी त्याचा हात धरला. लोकांचं सामान कशाला हलवायचं, घरी गेल्यावर घालू, असं म्हणालो. तो चिडला, मग खिडकीबाहेर बघत बसला. वेळ टळली तर डोळा जाईल ही भीती मला होतीच, तरी मी त्याला उठू दिलं नाही.

तुम्ही तर कधीच गेलात, आणि हा कागद मी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. सूनबाईच्या हाती लागला तर रद्दीत जाईल, जाऊ द्या. एवढंच सांगायचं राहिलं की घरी आल्यावर मी पिशवी स्वतः उघडली, तळाशी हात घातला. शिशी शाबूत निघाली. आणि आण्णा, मला बरं वाटलं.