विश्रामला मत न देण्याची कारणं

शुक्र. २ जाने., वादी अदाई

सकाळचा चहा होतोय न होतोय तोच इथल्या, आखातातल्या आमच्या मराठी मंडळाचा निरोप फोनवर. यंदा अध्यक्ष निवडायची नवी तऱ्हा, दोन फेऱ्यांची. आधी आम्ही रुवी-वादी अदाईकडच्यांनी आपल्यातला एक उमेदवार ठरवायचा. मदिनत सुलतान काबूसकडचे त्यांचा ठरवतील. मग सगळ्यांनी मिळून त्या दोघांतला एक निवडायचा. ‘अगदी अमेरिकेसारखं,’ असं चिटणिसांनी खाली लिहिलंय. सभासद जेमतेम दीडशे, आणि थाट बघा.

आमच्याकडून विश्रामचं नाव ठरल्यातच जमा म्हणे. (पुढे नुसतं वि. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.)

शालूला वाचून दाखवलं. तिचा चेहरा असा उजळला, जणू माहेरचं माणूस दारात आलंय. “विश्रामभाऊजी अध्यक्ष झाले तर मजा येईल हो! काय बोलतात! हसून हसून पोट दुखतं.”

दुखतं खरं. सव्वीस वर्षं मंडळाचा माईक मी सांभाळतो. वायरी, स्पीकर, खरखर, सगळं माझ्याकडे. त्या माईकवर बोलून लोकांना हसवणारा मात्र तो.

शनि. ३ जाने.

डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो.

पहिल्यांदा इथं आलो तेव्हा सहमच्या कामगार कॅम्पात एकाच खोलीत उतरलो होतो दोघे. तो किचनमध्ये मदतनीस, मी इलेक्ट्रिशियन. खाट वरची त्याची, खालची माझी. त्याला इंग्रजीत सही करायला मी शिकवलं. मलाही कोणी शिकवलेलं नव्हतं, मशिनींच्या पुस्तकांतून एकेक अक्षर उचललेलं, त्यातलं अर्धं त्याला दिलं. आज तो चार किचनांचा सुपरवायझर. ईदला त्याचा अर्बाब, म्हणजे अरब मालक, त्याला घरी बोलावतो, शेजारी बसवून हलवा खाऊ घालतो. माझा अर्बाब माणूस चांगला, पण आमचं बोलणं ‘या दत्ता, एसी खलास’ एवढंच.

आणि केस. त्रेसष्टाव्या वर्षी काळेभोर. कलप नाही, मी जवळ जाऊन बघितलंय.

संध्याकाळी रुवीच्या वाण्याकडे कळलं, वि.ने अर्जावर सावंताची सही घेतली. अर्जाला दोन सह्या लागतात, सूचकाची आणि अनुमोदकाची. सावंत त्याच्या ओळखीत आला कधी, तर परवा-परवा. मला विचारलंसुद्धा नाही. एका खोलीत राहिलेला माणूस मी.

असो. आता लोक मोठे झाले.

सोम. ५ जाने.

बी.पी. बघायला क्लिनिकात गेलो. आपली स्नेहा तिथं स्टाफ नर्स आहे. वेंगुर्ल्याकडची, पस्तिशीच्या आतबाहेर, शुक्रवारी मंडळात पोरांना मराठी शिकवते. दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “दत्ताकाका, हसू नका हं. मीपण उभी राहतेय. विश्रामकाकांपुढे टिकणार नाही, माहितेय. पण एकच नाव असेल तर ती निवडणूक कसली?”

“सूचक कोण तुझा?”

“तेच विचारणार होते, तुम्ही—”

वाक्य पुरं व्हायच्या आत मी पेन काढलं. ती म्हणते, “काका, विचार तरी करा.” म्हटलं, केला. एका सभासदाची सही एकाच अर्जावर चालते, हेही तिनं दोनदा सांगितलं. म्हटलं, ठाऊक आहे.

बी.पी. जास्तच निघालं. पण बाहेर आलो तर दुपारच्या उन्हातसुद्धा छाती गार.

बुध. ७ जाने.

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, म्हणूनच लिहितो.

पाचच्या सुमारास वि. घरी आला. कामावरून थेट, अंगाला फोडणीचा वास. येताना शालूला खजुराचा डबा. बसला, इकडचं तिकडचं बोलला, मग खिशातून घडी केलेला अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला.

अनुमोदकाच्या ओळीवर सावंत. सूचकाची ओळ कोरी.

“घाल सही. सावंताची झाली हा, तुझी रवली.”

मी म्हटलं, “माझी स्नेहाच्या अर्जावर झाली. सोमवारी.”

शालू चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली.

वि.नं कागदावरून नजर वर केली. “स्नेहाक? माका सांगलंस नाय.”

“तू तरी मला कुठे विचारलंस?”

“तुका विचारूक होया होता?” खरोखर नवल वाटलं त्याला. “मेल्या, ती वळ तुझीच. दुसऱ्या कोणाक तिथं सही घालूक दिलंय काय मी?”

चार दिवस ज्या गोष्टीवरून मी धुमसत होतो, ती गोष्ट मुळात नव्हतीच.

तो मात्र हसला. “बरा केलंस. पोर चांगली आसा. वैनी, च्या द्या, थंड होता.” चहा पुरता प्याला. कप स्वतः विसळून ठेवला. जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं.

त्यानं चिडायला हवं होतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिथंही मोठा झाला तोच.

गुरु. ८ जाने.

घरात अबोला. जेवणात किंगफिशची शेपटी माझ्या ताटात, मधला तुकडा तिनं स्वतःला घेतला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

शेवटी तीच बोलली. “तुम्ही जळता त्यांच्यावर.”

“मी? स्नेहा लायक आहे म्हणून सही केली.”

“लायक आहेच ती. पण तुम्ही सही केलीत ती त्यासाठी नाही.”

शेपटीत काटे फार असतात. गुमान वेचत बसलो.

शनि. १० जाने.

स्नेहाचा फोन. पहिल्या फेरीच्या सभेत सूचकानं दोन मिनिटं बोलायचं आहे, ‘मी या उमेदवाराला पाठिंबा का देतो’ यावर. म्हणाली, “काका, मनातलं बोला, बास.”

मनातलं! बाई गं.

वही घेऊन बसलो. तासाभरात पानभर झालं. वाचून बघतो तर प्रत्येक वाक्यात वि. ‘नुसतं हसवून मंडळ चालत नाही.’ ‘काहीजण मागचं विसरतात.’ ‘नव्या माणसाला संधी द्या, त्याच त्या तोंडांना किती दिवस.’ त्याच्यावरचं एकेक वाक्य खोडलं. खाली एकच उरलं: ‘स्नेहा शिकलेली आहे.’ एवढ्यावर दोन मिनिटं कशी काढायची?

पान फाडलं. उद्या बघू.

रवि. ११ जाने.

सकाळी साइटवर एसीचा डक्ट उघडून बसलो असताना एकदम आठवलं. दिवाळीचं जेवण.

कॅम्पवाली मुलं सहमहून, आणखी कुठून कुठून, कंपनीच्या बसनं येतात. बस नेहमीच उशिरा. दिवाळीला ती पोचली तोवर पुढच्या रांगांचं दुसरं वाढप चाललेलं, श्रीखंड तळाला. जेवणाची व्यवस्था वि.कडे. तो पुढच्या रांगेत साहेबलोकांना आग्रह करत होता, “घ्या हो, लाजताय काय!” तेवढ्यात स्नेहा उठली. उरलेल्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. “हे बसवाल्यांचं,” एवढंच म्हणाली. कोणी कुरकुरलं. ती हलली नाही. वि.ला आवडलं नाही, कपाळावर आठी दिसली माझ्या, म्हणजे त्याच्या. काय लिहितोय.

हे कारण खरं आहे. शंभर नंबरी. वि. स्वतः त्याच बसमधून आलेला माणूस, आणि तो विसरला. तिला मात्र कोणी सांगावं लागलं नाही.

फक्त एक. मी तेव्हा पुढच्या रांगेतच होतो. ताटात दुसऱ्यांदा श्रीखंड. एक शब्द बोललो नव्हतो.

कारण खरं असलं तरी ते मला आज सापडलंय. सही सोमवारीच झाली. सहीच्या वेळी माझ्या डोक्यात श्रीखंड नव्हतं, विश्राम होता. बघ, पूर्ण नाव लिहिलं गेलं.

बुध. १४ जाने.

संक्रांत. शालूनं तिळगुळाचा डबा हातात देऊन मला वि.कडे धाडलं. स्वतः आली नाही. मुद्दामच.

तो दारातच भेटला. दोघांनी एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोलायचं सोडून दोघेही हवेबद्दल बोललो. यंदा थंडी बरी आहे, असं चारदा झालं.

शुक्र. १६ जाने.

जुम्म्यानंतर तीनला सभा, भाड्याच्या हॉलमध्ये. आमच्याकडचे ऐंशीएक आले. एक वाजताच जाऊन मी माईक लावला.

आधी मी बोललो. इतकी वर्षं माईकच्या मागे, पुढे पहिल्यांदा. श्रीखंडाचं सांगितलं, कोणाचं नाव न घेता. शालूच्या ऑपरेशनच्या वेळी स्नेहा ड्यूटी संपवून आली, डॉक्टरचं बोलणं आम्हाला मराठीत समजावून सांगितलं, आणि मला ओरडली की काकूंच्या काळजीत तुम्ही उपाशी राहून चक्कर येऊन पडलात तर दोन पेशंट होतील, तेही सांगितलं. ‘मी पुढच्या रांगेत होतो आणि गप्प होतो’ हे वाक्य कागदावर होतं. वाचलं नाही. टाळ्या बऱ्या पडल्या.

मग स्नेहा बोलली. उंच आहे, माईक वर केला तिच्यासाठी. थोडक्यात बोलली, नीट बोलली.

मग सावंत, माझ्या जागी सूचक म्हणून, मग वि.

आता लिहितोच. वि.ला माईक छातीपाशी लागतो. बुटका आहे तो. वर राहिला तर मान ताणतो आणि आवाज नाकातून येतो. हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक नाही. उठून दोन पावलं जायचं, खिट्टी सैल करायची, वीतभर खाली घ्यायचा. दर वेळी करतो. आज मी उठलो नाही. स्पीकरच्या वायरीशी उगाच काहीतरी करत बसलो.

तो आला. माईककडे बघितलं. टाचा उचलून एकदा बोलून पाहिलं, पोचला नाही. मग लोकांकडे वळून म्हणतो, “दत्तान माका न बोलताच सांगल्यान, ह्या पदाक तुझी उंची पुरूची नाय!”

हॉल फुटला. शालू डोळ्याला पदर लावून हसत होती. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यानं सभा खिशात घातली, तीही माझ्याच करणीनं.

मग गेलो. खिट्टी सैल केली, खाली घेतला. त्याच्याकडे बघवलं नाही.

चिठ्ठी हातात आली तेव्हा वाटलं, आता वि.चं नाव लिहावं, निदान फिट्टंफाट. मग वाटलं, हेही त्याच्यावरूनच झालं की. स्नेहाचं काय? ती या सगळ्यात कुठे? स्नेहाचं नाव लिहिलं. यावेळी झाकणावरचा तिचा हात डोळ्यांपुढे आणून लिहिलं. निदान तसा प्रयत्न केला.

स्नेहा तीन मतांनी निवडून आली.

शनि. १७ जाने.

शालूला सांगितलं, मत कोणाला दिलं ते आणि माईकचंही. माईकचं ऐकून तिनं माझा फोन आणून पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, “फोन करा त्यांना.”

केला. आधी हवापाणी. मग म्हटलं, “काल माईक वर राहिला, माझंच चुकलं.”

तिकडून वि. म्हणतो, “बरा झाला. नायतर लोकांका हसूक काय होता? पण काय रे, माईक खाली करूक इलंस तेव्हा तुझो हात कित्या थरथरत होतो? साखर तपासून घे.”

त्याला कळलं होतं की नाही, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

तीन मतं म्हणजे काय हो. दोन माणसं इकडची तिकडे झाली असती तर... मी धरून दोन.

शुक्र. २३ जाने.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. स्नेहाचा मेसेज, लांबलचक. मोठ्यानं वाचला नाही.

म्हणते, दुसरी फेरी मदिनत सुलतान काबूसच्या हॉलमध्ये, समोर तिकडचे शिकलेसवरलेले बोलणारे. ‘काका, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही. पण यावेळी माझ्या बाजूनं विश्रामकाका बोलले तर तिकडची चार मतं वळतील असं सगळ्यांना वाटतं. ते तयार आहेत. तुम्हाला चालणार असेल तरच. मनापासून सांगा.’

तीनदा वाचलं.

बरोबर आहे तिचं. अगदी बरोबर. तो बोलला तर ती जिंकेल. मी बोललो तर लोक टाळ्या वाजवतील, बऱ्या.

‘हो, जरूर’ असं लिहिलं. पुसलं. ‘तू म्हणशील तसं’ लिहिलं, तेही पुसलं. छातीत तेच, जुनंच, जागच्या जागी. वाटलं होतं सोळा तारखेला सगळं खलास झालं.

शालू आतून विचारते, “कोणाचा मेसेज?”

“स्नेहाचा.”

“काय म्हणते?”

“पाचला ड्यूटी संपते म्हणाली, तोवर उत्तर द्या.”

“कसलं उत्तर?”

साडेतीन झालेत.