तिसऱ्या बेसवरचा झेल

अण्णा, तिसऱ्या बेसवर उभा राहणारा तो मुलगा गेला. मुलगा कसला, माझ्याच वयाचा म्हातारा. काल त्याच्या लेकीचं पत्र आलं. आमच्या कॉलेजच्या बेसबॉल संघाने एका वर्षी अजिंक्यपद जिंकलं होतं, त्या मोसमाबद्दल तिला चार ओळी हव्या आहेत, शोकसभेत वाचायला. 'बाबा नेहमी म्हणायचे, गुण लिहायला बसायचा तो भारतीय, त्याला प्रत्येक चेंडू पाठ आहे.' म्हणून सकाळपासून मी ड्युसेलडॉर्फमधल्या या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात कागद पुढे घेऊन बसलोय. जर्मनमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि अडकलो. तिला जे लिहायचं ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. गुण लिहिणारा मी होतो, खेळणारा तो होता. तुमच्या सातवीच्या वर्गाने ज्या ज्या फटक्याला आणि झेलाला टाळ्या वाजवल्या, ते सगळे त्याचे होते.

तुम्ही मला इकडे पाठवलंत तेव्हा पन्नासचं दशक सरत आलं होतं. नेकार नदीकाठच्या त्या गावात बॉम्बने पडलेल्या घरांच्या जागा अजून मोकळ्या होत्या, आणि तशाच एका सपाट केलेल्या जागेवर मुलं खेळायची. पण ते नंतर. आधी ती छपराखालची खोली, जिच्यात ताठ उभं राहता येईल अशी एकच जागा होती, दाराजवळ. रोज सकाळी धातुशास्त्राच्या इन्स्टिट्यूटमध्ये जायचं, भट्टीतून नमुने काढायचे आणि थंड होताना त्यांना तडे जाताना बघत बसायचं. प्राध्यापक भिंगातून पाहायचे, 'नोखमाल' म्हणायचे, म्हणजे पुन्हा, आणि निघून जायचे. त्या एका शब्दात माझं पहिलं वर्ष गेलं. वर त्यांनी मला खालच्या वर्गाच्या दोन परीक्षाही द्यायला लावल्या. घरी परतावं तर कोणत्या तोंडाने, आणि राहावं तर कशाच्या जोरावर, हे कळत नव्हतं. अशात तुमचं पत्र यायचं. 'शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला तुझं पत्र वर्गात वाचतो. मुलं विचारतात, दादाचं काय चाललंय? गेली दोन पत्रं नुसती थंडीची आहेत. जरा वाचण्याजोगं काही लिही.'

वाचणं म्हणजे काय ते तुमच्याइतकं मला कोणी शिकवलं नाही. आई गेल्यावर तुम्हीच चुलीपुढे बसायचात. भाकरी थापण्याच्या ठेक्यावर माझ्याकडून कविता म्हणवून घ्यायचात, आणि कडव्यात अडखळलो की पिठाचा हात वर करून थांबवायचात. 'अर्थ राहू दे. आधी श्वास कुठे घ्यायचा ते बघ.' एकदा मी हातवारे करून, आवाज कापरा करून एक कविता म्हटली, तर तुम्ही तवा उतरवलात आणि म्हणालात, 'तू कवितेच्या पुढे उभा राहतोयस. बाजूला हो, ती दिसू दे.' मला तेव्हा रडू आलं होतं. मी आठवीत होतो आणि मला वाटत होतं की कविता माझ्यामुळेच दिसतेय.

त्या मैदानावर मी पहिल्यांदा गेलो तो एका शनिवारच्या दुपारी, निव्वळ खोलीत बसवत नव्हतं म्हणून. खेळाचं सामान जवळच्या अमेरिकन छावणीने दिलेलं, खेळणारी पोरं जर्मन, बहुतेक आमच्याच कॉलेजची. लांब टांगांचा त्यांचा कर्णधार माझ्याजवळ आला. 'तुमच्याकडे क्रिकेट खेळतात ना? घे ही बॅट.' मी घेतली. तिसरा का चौथा चेंडू चांगला बसला, लांब गेला. मी पळालो. अण्णा, मी बॅट हातात घट्ट धरून पळालो, कृष्णेच्या वाळवंटात पळायचो तसा, आणि पहिल्या बेसपाशी पोचताच ती जमिनीवर घासत पुढे सरकवली आणि छाती काढून उभा राहिलो. मैदानातला एकेक जण खाली बसून हसायला लागला. 'अरे, लाकूड कुठे घेऊन चाललास? हिवाळा अजून लांब आहे!' बॅट टाकून पळायचं असतं हे मला माहीत नव्हतं. कळल्यावरही जमेना. पुढच्या तीन शनिवारी तेच. हात उघडतच नव्हता. शेवटी कर्णधाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला जाळीमागच्या छोट्या टेबलाशी नेऊन बसवलं. 'शून्याचा शोध तुमचाच ना? मग बस इथे. आम्ही भरपूर शून्यं करणार आहोत.'

ती जागा म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यासारखी. तिन्ही बाजूंनी तारेची जाळी, पुढे वही. तिथून सगळं दिसायचं, चौकोना-चौकोनांतून. त्याच आठवड्यात तुमचं ते 'वाचण्याजोगं लिही' आलं आणि मी निळ्या हवाई पत्रावर लिहिलं, 'मला संघात घेतलं आहे. मी तिसऱ्या बेसवर उभा असतो.' तिसऱ्या बेसवर खाटकाचा एक अबोल मुलगा उभा असायचा, रुंद मनगटांचा. त्याच जागेचं नाव का लिहिलं? माझ्या टेबलापासून ती सगळ्यात जवळ होती, एवढंच.

तुमचं उत्तर आलं ते दोन पानी. इतकं लांब पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतंत. 'वर्गात वाचलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वर्गाचे मास्तर उठून आमच्या दारात आले, म्हणाले, गुरुजी, पुन्हा वाचा.' आणि खाली मुलांचे प्रश्न. 'चेंडू किती जड? टोपी का घालतात? आम्ही कपडे धुवायच्या धोपाटण्याने खेळायला लागलो आहोत. मारल्यावर ते हातात घेऊन पळायचं की टाकून, यावर दोन गट पडले आहेत. मी सांगितलं, दादाला विचारू.' मी लिहिलं, 'टाकून. हातात घेऊन पळणारा हास्यास्पद दिसतो.' ते वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं होतं. खरं सांगायला तिथे जागा होती, अर्धं पान कोरं होतं. मी ते हवामानाने भरलं.

मग आमचा संघ जिंकायला लागला. पहिले दोन सामने हरलेली ती पोरं, कोणालाच त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती, आणि वसंतात त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे. दक्षिणेकडच्या कॉलेजांचे संघ एकामागून एक येत होते आणि मान खाली घालून परत जात होते. तुम्हाला वाटेल, मला आनंद होत असेल. अण्णा, मी त्या खुराड्यात बसून मनातल्या मनात म्हणत असे, आज हरा. आता बाद फेरी होती, एकदा हरलो की मोसम संपला, मोसम संपला की पत्रं पुन्हा थंडीची आणि भट्टीची. पण ते जिंकायचे, आणि रविवारी सकाळी मी सामाईक स्वयंपाकघरात बसून त्या खाटकाच्या मुलाने केलेलं सगळं 'मी' घालून लिहून काढायचो. भाषा चांगली उतरायची, तेच तर वाईट होतं. चेंडू आकाशात गेला की त्याच्यासाठी मला तुम्ही शिकवलेल्या सगळ्या कविता आठवायच्या. तो मुलगा वाटेत भेटला की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. तो तिकडून हात हलवायचा, 'काय रे, काल माझ्या किती चुका लिहिल्यास?' 'एक,' मी म्हणायचो. 'फक्त एक? जा, जा, तू माझ्यावर मेहेरबान आहेस.'

अंतिम सामन्यात नववा, शेवटचा डाव चालू आहे. समोरच्या संघाचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की सामना संपला, आम्ही एका धावेने पुढे, त्यांचे दोघे बेसवर. मारणाऱ्याने चेंडू उंच उडवला आणि तो वाकडा होत होत माझ्याच बाजूला यायला लागला. खाटकाचा मुलगा मान वर करून पळत येतोय, त्याला जाळी दिसत नाही. मी ओरडायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी वही धरून ठेवली. तो हात लांब करून जाळीवर आदळला, तारा आत वाकल्या, माझं टेबल हललं, शाई सांडली. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर, कपाळावर तारेचा ओरखडा, आणि हातमोज्यात चेंडू. धापा टाकत तो हसला आणि म्हणाला, 'लिही!' मी वहीत त्याच्या नावापुढे खूण केली. बाहेर सगळी पोरं त्याच्या अंगावर पडली होती. मी जाळीच्या आत शाई पुसत होतो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला पत्र गेलं, त्यात जाळीवर आदळणारा मी होतो. ओरखडासुद्धा मी घेतला.

तुम्ही फोटो मागितलात. संघाच्या फोटोत मी कडेला, वही छातीशी धरून उभा आहे, तो कसा पाठवणार? मी खाटकाच्या मुलाकडे गेलो आणि टोपी आणि हातमोजा दोन तासांसाठी मागितला. तो दुकानात वडिलांना मदत करत होता, हात धुऊन आला. 'घरी पाठवायचाय? आईला?' 'वडिलांना,' मी म्हणालो. 'मग टोपी अशी नको, माकड दिसतोस.' त्याने स्वतः ती माझ्या डोक्यावर तिरकी बसवली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. 'गेनाऊ, अगदी असंच. आता खेळाडू दिसतोस.' फोटो काढेपर्यंत मला त्या हातमोज्यात त्याच्या हाताचा आकार जाणवत होता. त्या क्षणी मी पुरता अडकलो असं मला वाटतं. तोवर खोटं शब्दांचं होतं, आता त्याला चेहरा आला.

तुम्ही कळवलंत, फोटो चौकटीत घालून जगाच्या नकाशाशेजारी लावला. येत्या उन्हाळ्यात मी घरी आलो की शाळेत सत्कार ठरलाय, मुलांनी नदीकडच्या बाजूला मैदान साफ केलंय, तिसऱ्या बेसची जागा चुन्याने आखून ठेवलीय, मी तिथे उभा राहून दाखवायचं. मी दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. मग लिहिलं, 'प्राध्यापक रजा देत नाहीत. प्रयोग अर्धवट आहे.' तुम्ही उलट टपाली लिहिलंत, 'काम आधी. चुना पावसाने जाईल, पुन्हा आखू.' त्या हिवाळ्यात तार आली. मी ती घेऊन प्राध्यापकांसमोर उभा राहिलो. त्यांनी वाचली, उठून माझा हात हातात घेतला, आणि रजेच्या कागदावर उभ्या उभ्या सही केली. 'तुम्ही उन्हाळ्यात का नाही गेलात? मला वाटलं होतं, मागाल.' रजा मी मागितलीच नव्हती, अण्णा. तुम्हाला लिहिलेल्या पत्रातला तो कठोर माणूस मीच तयार केला होता.

जिनोआहून बोटीने मुंबई, मुंबईहून घर, तोवर तुमचं सगळं आटोपलं होतं. हेडमास्तरांनी शोकसभा आणि सत्कार एकाच दिवशी ठेवला. 'गुरुजींचीच इच्छा होती,' म्हणाले. तुमच्याच वर्गात, तुमच्या खुर्चीशेजारी, गळ्यात हार. भिंतीवरून मीच तिरक्या टोपीतून माझ्याकडे बघतोय. खिडक्यांतही मुलं, दारातही मुलं, हलायला वाव नव्हता. आज सांगून टाकायचं असं बोटीवर ठरवलं होतं, वाक्यसुद्धा घोकलं होतं. मी उभा राहिलो. 'मुलांनो, त्या झेलाबद्दल मला तुम्हाला काही सांगायचंय.'

'आमाला पाठ हाय, दादा!' कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच बोलायला लागले. 'नववा डाव!' 'दोन गडी बाद!' 'चेंडू लई उंच, पार सूर्यात!' 'गप रे, मला सांगू दे. दादा जाळीवर आपटले. झेल घेतला. आन् मग आधी त्या मारणाऱ्याला नमस्कार केला.'

'काय केला?' मी विचारलं.

'नमस्कार. वाकून. मग त्यानं बी टोपी काढली.'

'हे तुम्हाला कोणी सांगितलं?'

'गुरुजींनी. तुमच्या पत्रातलं वाचून दाखवलं की.'

मी असं लिहिलं नव्हतं. एकाही पत्रात नाही. हेडमास्तर माझ्याकडे पाहून मान डोलावत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी घोकलेलं वाक्य शोधत होतो. तुम्ही हातात माझं निळं पत्र धरून, नसलेली ओळ वाचत इथे उभे होतात. काय मनात होतं तुमच्या, हे मी तेव्हापासून विचारतोय. या खोलीत विचारलंय, गाडीत विचारलंय, नातवंडं जर्मनमध्ये गलका करत असताना विचारलंय.

त्या लेकीसाठीच्या ओळी आता दुपारी लिहून झाल्या. झेल तिच्या बाबांचा, जाळीमागे मी, नमस्कार कोणी केला नाही. ते पाकीट उद्या पोस्टात टाकेन. तुम्हाला लिहिलेलं हे मात्र टाकायचं नाही, टेबलाच्या खणात जाईल. फक्त एक कबूल करतो. त्या दिवशी मी गप्प राहिलो ते भीतीने नव्हे. मुलं सांगता सांगता थांबत होती, नेमकं जिथे तुम्ही श्वास घ्यायला लावायचात तिथे. मी तुमच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, 'पुन्हा सांगा. पहिल्यापासून.'