अनोळखी नंबरावरून आईला फोन

आप्पा, तुमच्या टेलिफोन बूथच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे. लोहाऱ्याला आईकडं गेले की मी समोरून जाते, थांबत नाही. नव्या वस्तूंचं तुम्हाला केवढं वेड! सोलापूरला कामाला गेलात तरी कुणाचा तरी मोबाइल हातात घेऊन बघितल्याशिवाय परतायचा नाहीत, आणि मग आठवडाभर घरात त्याचंच पुराण. ते वेड माझ्याकडं आलं, आनंद मात्र तुमच्यापाशीच राहिला. इथं उमरग्यात दवाखान्यात कामावर जायच्या आधी चहा घेताना मी रोज वाचते, कुठला नवा फोन आला, कुठलं घड्याळ नाडी मोजतं, लोकांना आता कुठल्या युक्तीनं फसवतात. वाचते, फोनवर आईला सांगते, कप विसळते. काही वाटत नाही.

माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून फसवतात, हेही तिला सांगितलं होतं. ती हसली होती. "माझ्या लेकीचा आवाज मला कळत न्हाय व्हय?"

मग एका दुपारी तिला अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज माझा, रडणारा. अपघात झालाय, लगेच पैसे पाठव. फोनवरून पैसे पाठवणं आईला जमत नाही, म्हणून ते वाचले. तिनं पिशवीत एक मऊ जुनं लुगडं आणि ग्लुकोजचा पुडा घातला आणि मिळेल त्या जीपनं उमरगा गाठलं. मी दारात कपडे वाळत घालत होते. तिनं माझे हात चाचपले, डोकं चाचपलं. मी काही विचारायला गेले तर म्हणाली, "गप. तू बोलू नकू."

त्यानंतर ती फोनवर माझ्याशी बोलेना. उचलायची, ऐकायची आणि ठेवून द्यायची. भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "आवाज तुझाच व्हता गं. आता खरी कंची, मला काय कळणार?" ती तिथं एकटी, मी इथं, आणि दिवसभरात आमचं बोलणं व्हायचं ते फोनवरच. मी चिडले, समजावून सांगितलं, उपयोग शून्य. शेवटी एका बातमीखाली सल्ला सापडला, घरात एक खुणेचं वाक्य ठरवा, अनोळखी नंबर असला की आधी ते ऐकल्याशिवाय बोलू नका. मी दोन-चार वाक्यं सुचवली. आईनं सगळी मोडीत काढली आणि म्हणाली, "तुझे आप्पा फोन उचलून म्हणायचे, ते ठिव."

मला लगेच आठवलं. मी शाळकरी आहे, बूथमध्ये तुमच्या शेजारी स्टुलावर बसलेय. गल्लीतल्या सगळ्यांचे फोन आपल्याच नंबरावर येतात. घंटी वाजते, मी ऐटीत "हॅलो" म्हणते. तुम्ही रिसीव्हर काढून घेता. "हॅलो कुणीबी म्हणतंय. लांबून माणूस जीव मुठीत धरून फोन लावतंय, त्याला कळू दे, इथं कुणीतरी हाय." आणि रिसीव्हर कानाला लावून, मान जराशी वाकडी करून, "बोला, मी इथंच हाय." माझी मैत्रीण दारात उभी होती. मला तुमची लाज वाटली होती.

ते वाक्य ठरल्यापासून आई बोलायला लागली. माझ्या नंबरावरून फोन केला तर काही म्हणावं लागत नाही, नाव दिसतं आणि ती लगेच सुरू होते.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. परवा स्टँडवर एका बाईकडं फोन मागितला, माझा बंद पडलाय म्हणाले. आईनं उचलला आणि गप्प राहिली. मी म्हटलं, "बोला, मी इथंच हाय." तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नव्हतं, आताही आलं नाही. फक्त मान वाकडी झाली होती, ते नंतर लक्षात आलं. मग आई म्हणाली, "तुझा फोन लई बंद पडतोय." आणि जरा थांबून, "पडू दे."

माझा फोन पिशवीत होता, आप्पा. चालू होता.